आग विझवणे हा उपकार आहे का?

‘सगळे सरकारने का करावे? लोकसहभाग हवा,’ असे सांगणाऱ्यांना अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशमन दलांचे उदाहरण फार आवडते. तिथल्या अग्निशमन जवानांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंसेवक आहेत. दिवसा कुणी शेती करतो, कुणी गॅरेज चालवतो. भोंगा वाजला की सगळे बंबाकडे धावतात. हे खरे आहे, आणि त्या माणसांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बंबाचे पैसे कुठून येतात, हा प्रश्न आपले लोकसहभागवाले विचारत नाहीत. मला तोच विचारायचा आहे.

स्वयंसेवक फुकट मिळतो, बंब मिळत नाही. अमेरिकेत नवा बंब कित्येक लाख डॉलरला पडतो. जवानाचा आगरोधक पोशाख तिथल्या मानकानुसार 10 वर्षांनी बाद करावा लागतो. धुरात श्वास घेण्याच्या यंत्राला वेगळे पैसे. मग गावोगावची दले काय करतात? रविवारी पॅनकेकची पंगत घालतात, लॉटरीची तिकिटे खपवतात, कोंबडी भाजून विकतात. आपल्याकडच्या मंडळाच्या वर्गणीचाच हा प्रकार. फरक इतकाच की गणपतीची वर्गणी चुकवली तर मंडळाची पोरे डोळे वटारतात, तेवढ्यावर भागते.

केंद्र सरकारचे अनुदान आहे. 2001 पासून दलांना थेट मिळते. पण त्यासाठी स्पर्धात्मक अर्ज करावा लागतो आणि लहान गावालाही स्वतःचा 5 टक्के हिस्सा घालावा लागतो. अर्ज लिहायला जाणकार माणूस ज्याच्याकडे, त्याची फाईल पुढे. ही कथा आपल्याला नवीन नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मपासून घरकुलापर्यंत आपण तीच भोगतो आहोत.

गाव वाढू लागले की हे गणित पार कोलमडते. शहराच्या कडेला शेते जाऊन वसाहती उभ्या राहतात, तीन-चार मजली इमारती येतात, मोठ्या शिडीची गाडी लागते. नवे रहिवासी दिवसभर शहरात कामाला, त्यामुळे स्वयंसेवकही घटतात. पॅनकेक विकून शिडीची गाडी येत नाही. टेक्सासमध्ये अशा वेळी लोक मतदान करून आपत्कालीन सेवा जिल्हा स्थापन करतात आणि मालमत्तेच्या दर 100 डॉलर किमतीमागे जास्तीत जास्त 10 सेंट कर बसवतात. काही राज्यांत बिल्डरकडून बांधकामाच्या वेळीच शुल्क घेतात. म्हणजे ज्याची इमारत मोठी, त्याचा वाटा मोठा. आणि बंब मात्र सगळ्यांकडे सारखाच धावणार. स्वयंसेवक तेच, हिंमत तीच. बदलला तो पैशाचा प्रकार.

हा प्रकार न बदलल्यास काय होते, ते टेनेसी राज्यातील ओबायन काउंटीत जगाने पाहिले. साउथ फुल्टन हे तिथले छोटे शहर. शहराच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण घरांनी वर्षाला 75 डॉलर भरले तरच शहराचे दल मदतीला येणार, असा नियम होता. 2010 च्या सप्टेंबरमध्ये पैसे न भरलेल्या एका कुटुंबाच्या घराला आग लागली. दल आधी आलेच नाही. आग शेजाऱ्याच्या जागेपर्यंत पोचली तेव्हा आले, कारण शेजाऱ्याने पैसे भरले होते. घरमालक जागेवर लागतील तेवढे पैसे द्यायला तयार होता. जवान पाणी घेऊन उभे होते आणि घर जळत होते. घरातली मुकी जनावरे मेली. अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेच या प्रकाराचा निषेध केला. तरी पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याच भागात आणखी एक घर तसेच जळू दिले गेले. काही विद्वानांनी तेव्हाही युक्तिवाद केला: फुकट विझवले तर पैसे कोण भरेल? हिशेब बरोबर आहे. मग हिशेबच बदला, कर लावा. माणसाचे घर जाळून वसुलीची शिस्त लावायची नसते.

पाणी समोर आहे आणि तुला मिळणार नाही, हे वाक्य आपल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, त्यामागे माणुसकीचा दावा होताच, पण एक आर्थिक आधारही होता. 1923 चा बोले ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठ्यांबद्दल होता. सार्वजनिक पैसा, म्हणून सर्वांचा हक्क. म्हणूनच तर विरोधक कोर्टात जाऊन ‘तळे खासगी आहे’ असे सांगू लागले. एकदा वस्तू खासगी ठरली की दार लावायची मुभा मिळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही. सार्वजनिक वित्तावर प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांना पैसा कुणाचा या प्रश्नाचे वजन कळत होते. वर्गणीतून आलेल्या बंबावर वर्गणीदाराचा हक्क आधी सांगितला जातो. करातून आलेल्या बंबावर तसा दावा कुणाला करता येत नाही.

आता आपल्या राज्यात या. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे दिला. 73 व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, त्यांत अग्निशमन नाही. वाचनालय आहे, बाजार-जत्रा आहे, आग नाही. जणू खेड्यात काही पेटतच नाही! वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत येईपर्यंत ग्रामपंचायत होती, आणि तोवर तिथे बहुमजली सोसायट्यांची रांग लागली होती. आजही अनेक वाढत्या गावांत बंब येतो तो जवळच्या नगरपरिषदेचा, एमआयडीसीचा नाहीतर साखर कारखान्याचा. हद्दीबाहेर जायचे तर अनेक नगरपरिषदा शुल्क लावतात. हे ओबायन काउंटीचेच बीज आहे, अजून उगवलेले नाही इतकेच.

अशा गावात उद्या कुणी म्हणेल, तरुणांचे पथक काढा, बंबासाठी वर्गणी गोळा करा. पथक जरूर काढा, आपली पोरे त्यात पुढेच असतील. बंबाचे पैसे मात्र घरपट्टीतून, बिल्डरच्या शुल्कातून आणि राज्याच्या तिजोरीतून आले पाहिजेत. वर्गणीची यादी झाली की कुणी किती दिले ते फलकावर लागते, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव त्या फलकावर कुठे असते ते आपल्याला माहीत आहे.

येत्या ग्रामसभेत लेखी प्रश्न टाका: सर्वांत जवळचा बंब कुठे आहे, किती किलोमीटरवर? हद्दीबाहेरचे शुल्क कोण भरणार? वस्ती विकासाच्या निधीतून आपल्याकडे जो रस्ता होणार आहे, त्यावरून बंब आत येऊन वळेल इतकी रुंदी त्याला आहे का? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.