बिघडलं तर धरायचं कोणाला?

२०२५ च्या दिवाळीत धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. फराळ पोचला का, चकल्या मऊ पडल्या का वगैरे झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "दादा, याला कॉम्प्युटर घ्यायचाय. गेमिंगचा. हा म्हणतो पार्ट आणून स्वतः जोडणार. मी म्हणते दुकानातून तयार आणू. आता तू सांगशील ते फायनल."

भाचेराव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज गावातच, त्यामुळे लॅपटॉपचा आग्रह नव्हता. घरातलं जुनं मशीन विंडोज १० वर. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या मशीनला झेपणारं नव्हतं. म्हणजे नवीन कॉम्प्युटर घ्यायचा हे घरात मान्यच होतं, भाचेरावांनी फक्त त्यामागे 'गेमिंग' हे विशेषण हळूच लावून घेतलं होतं. बजेट ९० हजार. बहीण शाळेत शिक्षिका आहे आणि हे पैसे तिच्या रिकरिंगचे.

मी अर्थातच म्हणालो, "जोडू दे की. त्यात काय एवढं?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, "बरं. पण बिघडलं तर मी धरायचं कोणाला? तुला?"

हा प्रश्न बावीस वर्षं जुना होता.

२००३ साली ती एम.एड. करत होती तेव्हा घरातलं मशीन मी जोडलं होतं. त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरात ब्रँडेड कॉम्प्युटर घेणारा म्हणजे पैसे जास्त झालेला माणूस! मुंबईत लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही बुचकळ्यात पडायचा), दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एस. पी. रोड. कागदावर यादी घेऊन जायचं, चार दुकानं फिरायची, एकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा आणि संध्याकाळी खोकी घेऊन गाडीत बसायचं. विंडोज आणि ऑफिस दुकानदारच 'टाकून' द्यायचा. त्याचे पैसे किती, असं विचारायची पद्धत नव्हती. आणि कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट यायचा.

त्या फुकटच्या एसएमपीएसने आठव्या महिन्यात जीव सोडला आणि जाताना हार्ड डिस्कलाही घेऊन गेला. बहिणीचा लघुप्रबंध त्यात होता. पहिली दोन प्रकरणं फ्लॉपीवर होती, बाकी सगळं गेलं. कॅबिनेटवाला म्हणाला, एसएमपीएसला वॉरंटी नसते. हार्ड डिस्कवाला म्हणाला, जळलेल्या डिस्कला वॉरंटी नसते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. राहता राहिलो मी. तिने सगळं पुन्हा टाइप केलं. मला एका शब्दाने बोलली नाही, म्हणून तर ते अजून लक्षात आहे.

तर "जोडू दे की" म्हणताना मी हे सगळं सोयीस्करपणे विसरलो होतो. स्वतः जोडलेल्या मशीनचा एक अभिमान असतो, आणि अभिमानाला जळलेल्या हार्ड डिस्का आठवत नाहीत. म्हटलं, आता नीट विचार करू.

जोडावं की तयार घ्यावं, या वादात पहिला मुद्दा नेहमी पैशाचा. 'स्वतः जोडलं की स्वस्त पडतं' हे आमच्या पिढीचं सुभाषित. पण हे उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. २०२० आणि २०२१ मध्ये आधी चिपचा तुटवडा आणि त्यात इथेरियमचं मायनिंग, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे भाव इतके चढले की लोक नुसत्या कार्डासाठी आख्खं तयार मशीन विकत घ्यायला लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमला मायनिंगची गरजच उरली नाही आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. मग २०२५ च्या शेवटी रॅमची पाळी. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे गेला आणि आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव भडकले. भाचेरावांनी गणपतीत यादी केली होती. नोव्हेंबरच्या शेवटी मी ती घेऊन बसलो तर रॅमची एकटी ओळ दुपटीच्या वर गेलेली! आणि तेव्हाच काही तयार मशीनं मात्र जुन्या स्टॉकमुळे जुन्याच भावात मिळत होती. म्हणजे गणपतीत भाचा बरोबर होता, दिवाळीनंतर त्याची आई. जे उत्तर तीन महिन्यांत उलटतं, त्यावर घराचं धोरण कसं ठरवायचं?

शिवाय मुलांच्या याद्या कधी पूर्ण नसतात. यादीत विंडोजच्या लायसन्सची ओळ नसते. (तयार मशीनमध्ये बहुतेक वेळा ते धरलेलं असतं.) "लिनक्स टाकीन," भाचेराव बाणेदारपणे म्हणाले. पण ते रोज खेळतात ते 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही हे त्यांनाही माहीत होतं. यूपीएसही यादीत नसतो. घरात ६०० व्हीए चा असतोच की! पण त्यातून मिळतात साधारण ३६० वॅट. खेळ रंगात आला की ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या पलीकडे सहज जातात, मग वीज गेली की यूपीएसही वीजेबरोबरच जातो.

बरं, तयार मशीनवाले तरी साधे कुठे आहेत? बाहेरच्या स्टिकरवर जे लिहितात त्यात ते काटकसर करत नाहीत. प्रोसेसरचं नाव, ग्राफिक्स कार्डाचा नंबर, रॅम किती जीबी. काटकसर होते ती स्टिकरवर नसलेल्या गोष्टींत. एसएमपीएस कोणाचा? रॅम १६ जीबी, पण एकच स्टिक की आठ-आठच्या दोन? एकच स्टिक असली की मेमरीच्या दोन वाटांपैकी एकच वापरली जाते आणि गेममध्ये ते जाणवतं. दुसरी गोष्ट म्हणजे, इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं आणि त्यामुळे कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसायला लागला. काही मोठ्या कंपन्या मात्र आपल्या मशीनमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच आकाराचे घालतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला की बाजारातला चालत नाही, त्यांच्याच दाराशी जावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण बिल एक, फोन नंबर एक. "चालत नाही, बघा," एवढं म्हणून गिऱ्हाईक मोकळं.

स्वतः जोडणाऱ्याला हे एक वाक्य म्हणता येत नाही. त्याच्याकडे वॉरंट्या सात-आठ असतात. एकेक बघितली तर तयार मशीनपेक्षा चांगल्याच. डब्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षं, बऱ्या एसएमपीएसला पाच ते दहा. पण वॉरंटी पार्टाला असते, आणि 'मशीन चालू होत नाही' नावाचा पार्ट बाजारात मिळत नाही. कोणता पार्ट गेलाय हे आधी आपण शोधायचं, आणि ते शोधायला बहुतेक वेळा दुसरा चांगला पार्ट हाताशी लागतो.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरचं उदाहरण बघा. गेम मध्येच बंद पडायचा आणि पडद्यावर यायचं, व्हिडिओ मेमरी अपुरी. लोकांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, रॅम बदलली. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. तो प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता आणि हळूहळू झिजत होता. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि डब्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण तोवर ज्यांनी घरी जोडलं होतं ते बिचारे आपणच काहीतरी चुकलो असं समजून रात्री जागवत होते.

आपल्याकडे एक मधला रस्ताही पहिल्यापासून आहे. पार्ट आपण निवडायचे आणि दुकानदाराने जोडून द्यायचं. बऱ्याच घरांसाठी हाच रस्ता चांगला, पण डोळे उघडे ठेवून. बिलावर प्रत्येक पार्टाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर हवा. नुसतं '१६ जीबी रॅम, ५५० वॅट एसएमपीएस' असं लिहिलेलं बिल घेऊ नये. सगळी खोकी घरी आणावीत. आणि मशीन ताब्यात घेताना तीन गोष्टी बघाव्यात : बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग चालू केलाय का, मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावलीय का, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच तर चालत नाही ना. हसू नका, वर्षभर असे खेळणारे मी पाहिलेत.

आता माझं मत. जोडायचं की तयार घ्यायचं, हे पैशावरून ठरवू नये. हौसेवरूनही नाही. बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर त्या रात्री मशीनपाशी कोण बसणार आहे, हे आधी ठरवावं. तसं कोणी घरात असेल, त्याला वेळ असेल आणि चिकाटी असेल, तर खुशाल जोडा. जोडणं स्वतः फार अवघड नाही. बहुतेक गोष्टी एकाच जागी, एकाच बाजूने बसतात, एक रविवार पुरतो. तसं कोणी नसेल तर तयार घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. माझ्या एका डॉक्टर मित्राला मी हेच सांगितलं. त्याच्याकडे पैसे आहेत, रात्री नाहीत.

पण बहिणीच्या प्रश्नात याहून खोल एक गोष्ट होती. जोडण्याचा आनंद भाच्याचा आणि धोका तिच्या रिकरिंगचा, हा सौदा तिला मान्य नव्हता. २००३ मध्ये आम्ही हेच केलं होतं, फक्त तेव्हा हौस माझी होती. पैसे एकाचे आणि हौस दुसऱ्याची असेल, तर हौसवाल्याने जबाबदारीही उचलायला हवी.

म्हणून मी भाचेरावांना फोन करून तीन अटी घातल्या. एक, यादीत सगळ्यात आधी एसएमपीएस लिहायचा, चांगल्यातला. दोन, रॅम ३२ ऐवजी १६ आणि ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं, त्यातून पाच हजार वाचवून ते आईच्याच खात्यात ठेवायचे. पहिल्या वर्षात काही गेलं तर त्यातून. तीन, आईच्या शाळेच्या फाइली, पेपर, निकाल, जे असेल ते दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर उतरवायचं. एक शनिवार चुकला तरी चालणार नाही. दुसऱ्या अटीवर बराच वेळ घासाघीस झाली. तिसऱ्या अटीवर त्याने विचारलं, "मामा, एवढं काय त्यात?" मग त्याला लघुप्रबंधाची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीतच नव्हती. आईने कधी सांगितली नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी सांगलीला गेलो. जोडलं त्याने, मी खुर्चीत बसून चहा प्यायलो. दुपारी चारला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. एक मिनिट झालं. दोन झाली. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिचा चेहरा मी बघितला आणि मला सरळ २००३ आठवलं. मी उठून वायर काढायला हात पुढे केला.

"मामा, हात नको लावूस. या रॅमला पहिल्यांदा चालू होताना ट्रेनिंग लागतं, वेळ जातो. मॅन्युअलमध्ये दिलंय," तो म्हणाला आणि मांडी घालून मशीनसमोर बसून राहिला.

मला हे माहीत नव्हतं. माझ्या वेळी असं काही नसायचं. मी वायर ओढली असती तर सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं आणि मग आम्ही रात्रभर धडधाकट रॅमवर संशय घेत बसलो असतो. चौथ्या मिनिटाला स्क्रीनवर अक्षरं आली. बहीण काहीच न बोलता आत गेली आणि पोह्यांना फोडणी घातल्याचा आवाज आला.

पुढच्या शनिवारी रात्री तिचा मेसेज आला, "चाचणीचे पेपर डिस्कवर टाकले त्याने. मी आठवण न करता."