फुकटचे गाणे, परवानगीचे गाणे

सणासुदीला गोंदियाच्या दुकानांची जाहिरात आता मोबाईलवर फिरते आणि तिच्यामागे बिनधास्त सिनेमाचे गाणे वाजते. फुकट उतरवता आले म्हणून गाणे आपले होत नाही. आमच्या मालाचा छाप कुणी नकली कापडावर मारला तर आम्ही भांडायला उठतो. गाणाऱ्याचा हक्कही तसाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरळ वाट आहे. २००९ साली सुरू झालेल्या ‘फ्री म्युझिक आर्काइव्ह’वर संगीतकारांनी स्वतः परवानगी दिलेले संगीत फुकट मिळते. मात्र अट वाचावी: कुठे संगीतकाराचे नाव देणे बंधनकारक असते, कुठे धंद्यासाठी वापर मना असतो. तरुण व्यापाऱ्यांनो, कापड आपण पारखून घेतो. गाणेही पारखूनच घ्या.