सम्राट कोणाला म्हणावे?



आपल्या महाराष्ट्रात सम्राटांना तोटा नाही. साखरसम्राट आहेत, शिक्षणसम्राट आहेत. गावात गाण्याचा कार्यक्रम असला की फलकावर एखादा गायनसम्राट असतोच. मग चैत्रात अशोक जयंतीच्या फलकावर ‘चक्रवर्ती सम्राट’ ही अक्षरे हातभर मोठी काढली जातात आणि घरातले पोर विचारते, सम्राट म्हणजे काय हो? ‘मोठा राजा’ एवढे सांगून त्याची बोळवण करू नये. प्रश्न चांगला आहे.

वैदिक ग्रंथांत राजसूय यज्ञ करणारा राजा आणि वाजपेय यज्ञ करणारा सम्राट, असे सांगितले आहे. म्हणजे तेथे पदवी यज्ञातून आली. रोमन लोकांचा ‘इम्परेटर’ हा मुळात विजयी सेनापती. ‘सीझर’ हे तर एका घराण्याचे नाव. त्यावरूनच जर्मनांचा ‘कैसर’ आणि रशियाचा ‘झार’ झाला. तेथे पदवी तलवारीतून आली.

बौद्ध वाङ्मयाने मात्र वेगळीच कसोटी लावली. दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. त्यातील चक्रवर्ती राजाचे दिव्य चक्र त्याच्यामागे नाहीसे होते. मुलगा चिंतेत पडतो, तेव्हा त्याला सांगितले जाते की हे चक्र म्हणजे वडिलांची इस्टेट नव्हे, ते आपल्या वर्तनाने मिळवावे लागते. पुढे एक राजा असा येतो की तो राज्याचे रक्षण करतो, पण गरिबांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून खून आणि खोटेपणा. गुन्ह्याचे मूळ गरिबीत आहे आणि गरिबीचा जाब राजाने द्यायचा, हे इतक्या जुन्या काळी सांगून ठेवले आहे.

आता अशोकाकडे येऊ. त्याच्या शिलालेखांत तो स्वतःला सम्राट म्हणवत नाही. ‘देवानंपिय पियदसि राजा’ एवढेच म्हणवतो. राजस्थानातील बैराटच्या लेखात तर नुसता ‘मगधाचा राजा’. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत ज्याचे लेख सापडतात, त्याने ‘राजा’ या शब्दावर समाधान मानले. सम्राट ही पदवी त्याला आपण दिली.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, हा हिशेब त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला आणि पश्चात्ताप झाल्याचे लिहिले. विजयाचे स्तंभ उभारणारे राजे पुष्कळ झाले. आपल्या विजयात किती माणसे मेली हे दगडावर लिहिणारा दुसरा शोधून काढणे कठीण. त्याच लेखात जंगलातील लोकांना त्याने ताकीदही दिली आहे, तेही वाचावे. तो देव नव्हता, सत्ता चालवणारा माणूस होता.

या राजाचे शब्द आपल्या कोकणातही आहेत. नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारक बंदरावर, त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली सापडला. आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीला जात. या राजाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली, वृद्धांना दान द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावे. नववा लेख तर आपल्या घरात बसून लिहिल्यासारखा आहे. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा लेख ऐकावा.

मी कारकून माणूस. ठराव लिहिणे सोपे आणि तो राबवणे अवघड, हे रोज पाहतो. अशोकालाही ते ठाऊक होते. म्हणून त्याने नुसते लेख कोरले नाहीत, तर अधिकाऱ्यांना दर पाच वर्षांनी फिरतीवर जाण्याचा हुकूम दिला, धम्ममहामात्र नेमले, आणि मी जेवत असो वा अंतःपुरात असो, लोकांचे काम मला तत्काळ कळवा असे बजावले. वाटेवर वडाची झाडे लावली, विहिरी खोदल्या, माणसांची आणि जनावरांचीही औषधाची सोय केली.

आपल्या महाड तालुक्यातील रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्यांनी छत्रपती ही पदवी घेतली. छत्र म्हणजे डोक्यावरची सावली. पण लोक आजही पदवीपेक्षा रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याची ताकीद जास्त सांगतात. लोकांची आठवण बरोबर असते.

आता याच्या उलट पाहा. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ जाहीर केले. त्याच वेळी दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ चालू होता आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. पुढे तिचा नातू पंचम जॉर्ज भारतसम्राट झाला. त्याच्या अमलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तसाच ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. जगभर पसरलेल्या त्या साम्राज्याचा हुकूम चवदार तळ्याच्या पायरीपर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो साधी माणसे स्वतः पायऱ्या उतरली, तेव्हा ठरावाला जीव आला. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

तेव्हा सम्राट किती मोठा, हे मुलुखाच्या लांबी-रुंदीवरून ठरवू नये. त्याच्या राज्यातल्या शेवटच्या घरात पाणी पोहोचले का, यावरून ठरवावे.

१९५० साली आपण अशोकाचे सिंह राजमुद्रेवर घेतले. चक्र तर २२ जुलै १९४७ लाच ध्वजावर घेतले होते. सिंह घेतले, चक्र घेतले, सिंहासन मात्र घेतले नाही. उलट संविधानाच्या १८ व्या कलमाने लष्करी आणि शैक्षणिक सोडून सरकारने पदव्या देणेच बंद केले. आता जाब देणारा राजा नाही. जाब विचारणारे नागरिक आहेत, आणि ते आपण आहोत.

पोलादपूरच्या डोंगरात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे असतात ते आपल्या माता-भगिनींच्या. पुढच्या अशोक जयंतीला फलक जरूर रंगवा, मिरवणूक जरूर काढा. पण त्याआधी ग्रामसभेला घरातील बायकांसह हजर राहा आणि विचारा, आमच्या वाडीच्या विहिरीचा ठराव कधी झाला आणि काम कुठवर आले? उत्तर वहीत तारखेसह लिहून घ्या. विहिरी खोदणाऱ्या राजाला याहून चांगले अभिवादन मला तरी सुचत नाही.