अर्थविवेक : रेसकोर्सवरचा रविवार आणि घरची वही

थंडीच्या दिवसांत मुंबईत एखादा रविवार कुटुंबासह मोकळ्या हवेत घालवायचा म्हटले, की महालक्ष्मी रेसकोर्सचे नाव निघते. तरुण मंडळींना शर्यत पाहायची असते, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूताला पहिले स्थान आहे, हे घरात सर्वांनाच ठाऊक असते. तरीही खरा प्रश्न जावे की जाऊ नये एवढाच नाही. तेथे खिशात हात कशासाठी घालायचा, हे निघण्यापूर्वी ठरले आहे की नाही, हा तो प्रश्न आहे.

स्थळ पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. पूर्वी भायखळ्याला होणाऱ्या शर्यती १८८३ पासून महालक्ष्मीला होऊ लागल्या. मुंबईचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या आरंभी होते. त्या दिवशी गर्दी फार असते, म्हणून वृद्ध व लहान मुले सोबत असतील तर साधा दिवस निवडणे बरे. प्रवेशाचे दर, मुलांविषयीचे नियम आणि सभासदांच्या विभागातील पोशाखाची अट यांची आधी चौकशी करावी. महालक्ष्मी स्थानक जवळ असल्याने मोटार घरीच ठेवता येते. सूर्यास्तापूर्वी जेवण घेणाऱ्यांनी परतीची वेळ आधीच ठरवावी. शेवटच्या शर्यतीसाठी थांबण्याचा मोह येथे हमखास होतो.

शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये फिरवले जातात. त्यांची चाल, तुकतुकीत कांती आणि जॉकींचे रंगीत पोशाख मुलांना जवळून पाहता येतात. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आतबाहेर संपते. पुढची शर्यत मात्र सुमारे अर्ध्या तासाने असते. खिसा रिकामा होतो तो त्या सव्वा मिनिटात नव्हे, या अर्ध्या तासात. खिडकीपुढची रांग, शेजाऱ्याची ‘खात्रीची’ माहिती आणि हाती वेळच वेळ, असा तिहेरी योग जुळून येतो.

व्यापारी माणसाने येथे नफ्यातोट्याचे साधे गणित मांडावे. टोटमध्ये सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो व उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. सोयीसाठी ही वजावट शंभरामागे २५ रुपये धरू. सर्व प्रेक्षकांनी मिळून १०० रुपये लावले आणि परत आलेले सगळे पैसे प्रत्येक वेळी पुढच्या शर्यतीवर लावले, तर आठव्या शर्यतीअखेर त्या सर्वांच्या हाती मिळून सुमारे १० रुपये उरतात. धरलेली वजावट सौम्यच आहे. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के झाला आहे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर व त्यावरील उपकर द्यावा लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. नफ्यावर कर आणि तोट्याला वजावट नाही, अशा अटीवर कोणता दुकानदार माल भरील?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले, हा मुद्दा घरातील तरुण आवर्जून पुढे करतात. तो खराच आहे. घोड्याचे कूळ, जॉकी, अंतर आणि पाठीवरचे वजन यांचा अभ्यास होऊ शकतो. पण वजावट कापताना टोट अभ्यासू आणि अडाणी असा भेद करीत नाही.

घोड्याकडे पाहण्याच्या व्यापारी दृष्टीचे निराळे उदाहरण पुण्यातच आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरील निवृत्त घोडे लस व रक्तद्रव्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. त्यावरून हे उत्पादन स्वतःच करण्याची कल्पना सायरस पूनावाला यांना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे जगभर गेली ती लस. पैजेच्या पावत्या शर्यतीबरोबरच कचऱ्यात गेल्या.

या सहलीत पणाला लागते ती पेढीची पत. पहिल्याच दिवशी हरलेला तरुण बहुधा शहाणा होऊन परततो. धोका असतो तो जिंकलेल्याला. दोनशेचे दोन हजार झाले, की ती कमाई त्याला बुद्धीची वाटते. पुढच्या वेळी रक्कम गल्ल्यातून येते, नंतर हातउसनी घेतली जाते आणि शेवटी चालू खात्यातून कारण न लिहिता रोख निघू लागते. वडिलांना हे कळण्याआधी अनेकदा बाजाराला कळते. तीन पिढ्यांनी जमवलेला तोंडी शब्दाचा विश्वास मग कोणत्याही जॅकपॉटने परत मिळत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी मुलांसमक्ष खर्चाची यादी करावी : प्रवास, प्रवेश, खाणेपिणे. पैजेचा रकाना कोरा न सोडता त्यात शून्य लिहावे आणि त्याचे कारण वरील गणितासह सांगावे. नुसती मनाई मुले विसरतात. स्वतः केलेला हिशेब त्यांच्या लक्षात राहतो.