विश्लेषण : वेबसाइटच्या ‘गठ्ठ्या’त परका कोड शिरतो कसा?

वनाझ स्थानकातून मेट्रो सुटते आणि प्रवासी मोबाइलवर बँक, तिकीट, बातम्या उघडू लागतात. त्या प्रत्येक पानामागे जावास्क्रिप्टच्या शेकडो लहान फाईल असतात. त्या एकत्र बांधण्याचे काम कोथरूडमध्ये राहणारे अनेक आयटी अभियंते रोज करतात. सुरक्षेचा मोठा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो.

बंडलिंग म्हणजे काय?

कोड लहान ‘मॉड्युल’मध्ये लिहिणे सोयीचे असते. मात्र मोबाइलने प्रत्येक फाईल वेगळी मागवली तर पान रेंगाळते. वाण्याकडे एकेका वस्तूसाठी फेरी मारण्याऐवजी यादी करून एकदाच पिशवी भरावी, तसे हे आहे. कोणती फाईल कोणावर अवलंबून आहे, हे शोधून ब्राउझरिफाय, वेबपॅक ही साधने सगळ्यांचा एक गठ्ठा बांधतात.

‘स्ट्रीमिंग’ कशासाठी?

फाईल जोडणे, आकार घटवणे अशा प्रत्येक टप्प्यानंतर डिस्कवर लिहून पुन्हा वाचण्यात वेळ जातो. २०१३ मध्ये आलेल्या ‘गल्प’ने एका टप्प्याचा मजकूर मेमरीतूनच थेट पुढच्या टप्प्याकडे वाहता ठेवला. काम वेगाने होते. पण मध्ये काय मिसळले, ते सहसा कोणी पाहत नाही.

धोका किती खरा?

‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे असे प्रवाह हाताळणारे लोकप्रिय मोफत पॅकेज. मूळ लेखकाने २०१८ मध्ये त्याची देखभाल एका अनोळखी व्यक्तीकडे सोपवली. तिने त्यात घातक कोड घातला. तो ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटचे बिल्ड होईपर्यंत गप्प राहायचा आणि मग गठ्ठ्यात शिरायचा. मोठी शिल्लक असलेल्या पाकिटांच्या किल्ल्या चोरणे हा हेतू होता. नोव्हेंबरमध्ये तो उघडकीस आला.

८ सप्टेंबर २०२५ रोजी बनावट ईमेलला फसलेल्या एका लेखकाच्या खात्यातून ‘चॉक’, ‘डीबग’सह १८ पॅकेजेस दूषित झाली. त्यांचे एकत्रित साप्ताहिक डाउनलोड दोन अब्जांहून अधिक होते.

उपाय काय?

प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी ‘लॉक फाईल’ जपणे, बिल्डसाठी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरणे, नवी आवृत्ती आल्या दिवशीच न घेणे आणि गरज नसलेली पॅकेजेस काढणे. लॉक फाईल तयार होतानाच दूषित आवृत्ती आली, तर मात्र तीच पक्की होते. त्यामुळे आवृत्ती बदलताना नेमके काय बदलले, हे वाचण्याला पर्याय नाही. सामान्य वापरकर्ता गठ्ठा उघडून पाहत नाही. ती जबाबदारी बांधणाऱ्याचीच.