दहा बंधांचे सोवळे

परंड्यात फार्मसीच्या मुलांपुढे नुकतेच एक व्याख्यान झाले. वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रेणू जितका ताठ तितका तो आतड्यातून सुखाने रक्तात जातो, जितका लवचिक तितका वाया. फिरते बंध, म्हणजे ज्यांच्याभोवती रेणूचे भाग वळू शकतात असे बंध, दहाच्या वर गेले की रेणू फेकून द्या, विषय संपला. टाळ्या पडल्या. मुलांनी वहीत लिहूनही घेतले, म्हणून हा खटाटोप.

आकडा हवेतला नाही. अकराशेहून अधिक रेणू उंदरांना तोंडावाटे दिल्यावर रक्तात किती पोचतात, याचा अभ्यास वेबर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. फिरते बंध दहापर्यंत आणि ध्रुवीय पृष्ठभाग १४० चौरस अँगस्ट्रॉमपर्यंत असेल तर शक्यता चांगली, असा निष्कर्ष निघाला. शक्यता! वक्त्यांनी तिचा कायदा करून टाकला. दुसरी अट वाटेत कुठे सांडली, ते त्यांनाच ठाऊक.

आता ताठ रेणूचे कौतुक बघू. राष्ट्रीय जंतनाशक दिनी परंडा तालुक्यातल्या झेडपीच्या शाळांतली मुले अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खातात. रेणूभार अवघा २६५, फिरते बंध पाच, गाभा सपाट. वक्त्यांच्या वर्गात याचा पहिला नंबर नक्की! प्रत्यक्षात रक्तात जाते पाच टक्क्यांहून कमी. कारण हे सपाट रेणू स्फटिकात चवडीतल्या भाकरींसारखे दाटून बसतात आणि आपसांत हायड्रोजन बंध जोडतात. स्फटिक वितळायलाच तापमान दोनशे अंशांच्या वर न्यावे लागते, तिथे पाण्याची काय कथा? आणि जे विरघळलेच नाही ते आतड्याची भिंत ओलांडणार कसे? जंत आतड्यातच असतात, म्हणून शाळेत हे न शोषले जाणे पथ्यावर पडते. पण टेपवर्मच्या अळीच्या गाठी मेंदूत झाल्या की तीच गोळी तुपातेलाच्या जेवणासोबत द्यावी लागते. स्निग्ध जेवणाने तिचे रक्तातले प्रमाण पाचपटीपर्यंत वाढते. ताठ पठ्ठ्याला रक्तात शिरायला तुपाचे बोट धरावे लागते ते असे.

१९९७ च्या ‘पाचाच्या नियमा’वरूनही हीच हाणामारी झाली होती. रेणूभार पाचशेच्या वर गेला की तोंडावाटे औषध विसरा, असे छातीठोक सांगणारे तेव्हाही होते. ७४९ रेणूभाराचे अ‍ॅझिथ्रोमायसिन तेव्हाही गोळ्यांतून दिले जात होते, आजही दिले जाते. मूळ लेखात अँटिबायोटिक्सचा अपवाद स्पष्ट नोंदवला होता. पण मूळ लेख वाचतो कोण?

रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचे एका ओळीत सांगतो: १९९८ साली रेणू तोच, पण स्फटिकातले वळण बदलले, विद्राव्यता घसरली आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. बंधांची संख्या तीच होती, महाराज!

मग माझे म्हणणे काय? लवचिक रेणूला पटल ओलांडताना अंग आवरावे लागते आणि त्याची किंमत पडते, हे मान्य. पण काही रेणूंना ते आवरणे जमते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात ते सायक्लोस्पोरिन घ्या. रेणूभार १२०२, फिरते बंध पंधरा. स्निग्ध परिसरात ते मिटते आणि चार हायड्रोजन बंध आतल्या आत जोडून घेते, पाण्यात ते उलगडते. शोषण बेभरवशाचे आहे खरे, तरी तोंडावाटे दिले जातेच.

मुलांनो, दहाचा आकडा परीक्षेत जरूर लिहा, मार्क मिळतील. प्रयोगशाळेत मात्र वितळबिंदू आणि विद्राव्यता मोजल्याशिवाय एकही रेणू कचऱ्यात टाकू नका.