रंगाखालचे अस्तर

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्याच्या कुमारटुलीत मूर्तिकारांची लगबग सुरू होते. बघ्यांची नजर देवीच्या डोळ्यांवर असते. कारागिराची कसोटी मात्र त्याआधीच लागलेली असते. माती वाळताना तडे जातात. पातळ चिखलात भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या लावून ते बुजवायचे, अंग गुळगुळीत करायचे, पांढरे अस्तर चढवायचे आणि मगच रंग हाती घ्यायचा. पण मूर्तीचे दशमीला विसर्जन होते. जी वस्तू वर्षानुवर्षे आकाशात उडवायची, तिच्या अस्तराचे काय?

घरी विमान बांधणे ही आता केवळ परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये ते धुळ्यात उडाले.

असे कोणतेही विमान उभे राहिले की पाहणारा म्हणतो, ‘आता रंग दिला की झाले!’ पण खरी चिकाटी लागते ती इथेच.

बहुतेक लहान विमानांचा पत्रा ॲल्युमिनियमचा. तो लोखंडासारखा तांबडा गंजत नाही; पण दमट, खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून पोखरला जातो. मुंबई असो की कोलकाता, पावसाळ्यात हा धोका जास्तच. त्यावर उपाय प्रायमरचा.

आधी पत्रा धुऊन तेलकटपणा काढायचा. तो गेला का, हे पाणीच सांगते. पाणी सलग पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन ओघळले तर पुन्हा धुवा! मग हलक्या हाताने घासायचे, म्हणजे प्रायमर पकड घेतो. इथे जोर चालत नाही. मजबूत मिश्रधातूवर अनेकदा शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. तोच त्याचे कवच. तो घासून गेला तर रक्षण करायला निघालेला हातच घात करतो. भांडी घासायची लोखंडी तार तर अजिबात नको. तिचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच झीज सुरू होते.

प्रायमर वाळला की पुन्हा बारीक वॉटर पेपर. रिव्हेटची डोकी आणि कडा इथे जपून, कारण कागद तिथेच आधी अस्तर कापतो. क्रोमेट असलेला प्रायमर झीज उत्तम रोखतो, पण त्याची धूळ कर्करोगाचा धोका घेऊन येते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क हवाच.

मग जाड थर दिला की काम पक्के? तसेही नाही. रंगालाही वजन असते. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. पुढे रंग द्यायचेच बंद केले आणि सुमारे २७० किलो वजन वाचले. लहान विमानात प्रश्न आणखी नाजूक. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांवर बिजागरीच्या मागे जास्त रंग बसला तर तोल बिघडतो आणि वेगात तो भाग जोरजोराने फडफडू लागतो. अशी फडफड विमान मोडूही शकते. म्हणून रंगानंतर हे भाग पुन्हा तोलून पाहतात.

थोडक्यात काय, कमी घासले तर रंग सुटतो, जास्त घासले तर कवच जाते. कुठे थांबायचे, हे बोटांनीच कळते. घरी विमान बांधणारे अनेक जण म्हणूनच हे कंटाळवाणे काम दुसऱ्यावर सोपवत नाहीत. फोटोत वरचा रंग दिसतो, अस्तर दिसत नाही. पण त्या विमानात बसायचे त्यांनाच असते, कदाचित घरच्यांना शेजारी बसवून.